सांजवात कोणी लावावी?

वसुबारसेच्या संध्याकाळी अंगणात पहिली पणती लागते आणि दिवाळी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकते. तेथून भाऊबीजेपर्यंतचे सारे दिवस दिव्यांचे. या प्रसंगी दीपदानाच्या माहात्म्यावर काही लिहावे असे आम्ही प्रथम योजिले होते. परंतु त्या कथा वाचकांनी कीर्तनांतून व पोथ्यांतून अनेकवार ऐकलेल्या आहेत. शिवाय गेली दोन वर्षे दिव्यासंबंधीचा एक प्रश्न आमच्या आप्तांच्या घरातच उभा राहिला असून त्याचे उत्तर शोधताना आम्हांला मीमांसेची पोथीही उघडावी लागली आणि विजेची पेटीही. तीच हकीकत यंदा सांगावी असे ठरविले.

घर आमच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे. गाव राहनाळ, तालुका भिवंडी. भिवंडीहून ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंजूरफाट्यानजीक हे गाव आहे. आमचे मेहुणे तेथील परिसरात शिक्षक होते. अक्का वाईहून सासरी आली तेव्हा घरामागे भाताची खाचरे होती आणि वाऱ्याबरोबर भिवंडीतील यंत्रमागांचा खडखडाट कानी येई. आज त्या खाचरांच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबई-ठाण्याच्या लोकांनी घरबसल्या मागविलेला माल येथूनच सुटतो, आणि मालमोटारींची ये-जा रात्रभर चालू असते. आमचा भाचा अशाच एका गोदामात कामाला आहे. खोक्यावरील काळ्या पट्ट्या वाचून माल आपोआप योग्य वाटेला लावणारी यंत्रे सांभाळणे, हे त्याचे काम. सूनबाई ठाण्यास नोकरी करतात. नातू शिक्षणासाठी पुण्यास. तात्पर्य, अठ्ठ्याहत्तर वर्षांची अक्का दिवसाचे नऊ-दहा तास घरात एकटी असते, आणि भाच्याची रात्रपाळी असली की रात्रीही आपल्या खोलीत एकटीच निजते.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात, रात्री अडीचच्या सुमारास, ती न्हाणीघराकडे जाण्यास उठली. दिव्याचे बटण पडवीच्या पलीकडच्या टोकाला. भिंत चाचपडत जाताना पाय उंबऱ्याला अडखळला आणि खुब्याचे हाड मोडले. सूनबाईंना जाग येईपर्यंत ती तशीच थंड लादीवर पडून होती. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरूण झाले. पुढे काठी आली, ती कायमची. त्या अपघातानंतर भाच्याने मनाशी ठरविले की आईला यापुढे अंधारात बटण शोधावे लागणार नाही. गोदामात खोकी आपोआप वाट काढतात, तर घरात दिवा का लागू नये?

यंत्रांची जुनी आवड

हे खूळ आजचेच आहे असे कोणी समजू नये. विजेच्या तारांवरूनच संदेश पाठवून घरातील दिवे दुरून चालू-बंद करण्याची एक योजना १९७५ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली होती. तिचे नाव एक्स-टेन. पुढे बिनतारी संदेश आले, २०१४ साली बोललेले ऐकणारे ध्वनिक्षेपक बाजारात आले, आणि २०१८ साली गूगलचा साहाय्यक मराठीतूनही आज्ञा घेऊ लागला.

पण त्याहून फार पूर्वीची एक गोष्ट आम्हांला आठवली. अकराव्या शतकात धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर असलेला ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी १९२४-२५ साली प्रसिद्ध केला. त्याचा एकतिसावा अध्याय केवळ यंत्रांविषयी आहे. तेथे नाचणाऱ्या, वाद्ये वाजविणाऱ्या पुतळ्या आहेत, आणि दिव्यात तेल घालणारी बाहुलीही आहे! मात्र ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणून छाती फुगविण्याची आम्हांला हौस नाही. वीज भोजराजास ठाऊक नव्हती. त्याच्या यंत्रांना पाणी, वारा, अग्नी, पारा आणि सुतारकाम यांचाच आधार होता. आम्हांला मोलाची वाटते ती त्याने दिलेली उत्तम यंत्राच्या गुणांची यादी. यंत्र डोळ्यांत न भरणारे असावे. त्याचा आवाज होऊ नये. चालताना ते अडखळू नये. हव्या त्या वेळी हवे तेच काम त्याने करावे. आणि ते दीर्घकाळ टिकावे. भाच्याच्या घरी गेली दोन वर्षे जे घडले ते या कसोट्यांवर घासून पाहिले तर यंत्राचे गुणदोष आपोआप कळतात.

पहिल्या चुका

आरंभी भाच्याने बाजारातून वाय-फायवर चालणारे चार दिवे आणले आणि भ्रमणध्वनीवरून त्यांची मांडामांड केली. आठ दिवस सारे ठीक चालले. नवव्या दिवशी पावसात घराबाहेरची इंटरनेटची तार तुटली आणि पडवीतील दिवा आज्ञा ऐकेनासा झाला. कारण साधे होते. पडवीतील बल्बाला दिलेली आज्ञा प्रथम परदेशातील कोणत्यातरी संगणकाकडे जाई आणि तेथून परत पडवीत येई. दहा पावलांवरच्या शेजाऱ्याला निरोप द्यायचा, तो काशीमार्गे धाडावा, तसलाच हा प्रकार. अशा व्यवस्थेत दुसराही धोका असतो. दूरचा तो संगणक मालकाने बंद केला तर घरातील उपकरण निकामी होते. अमेरिकेत २०१६ साली ‘रिव्हॉल्व्ह’ नावाच्या यंत्राच्या ग्राहकांवर हाच प्रसंग आला. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘इन्स्टिऑन’ची सेवाही अशीच अचानक थांबली.

भाच्याने ते दिवे काढून टाकले आणि व्यवस्था घरच्या घरी आणली. आता माळ्याखालच्या फडताळात रास्पबेरी पाय नावाचा, पोथीएवढाही नसलेला संगणक आहे. त्यावर ‘होम असिस्टंट’ नावाची प्रणाली चालते. पॉलस स्खाउटसेन या डच गृहस्थाने ती २०१३ साली सुरू केली. आज जगभरची हजारो माणसे ती वाढवीत असतात, आणि तिचा प्रत्येक नियम कोणासही उघडून पाहता येतो. येथे पुन्हा भोजराजाची आठवण होते. यंत्रे कशी जोडावीत हे आपण सांगितले नाही ते अज्ञानामुळे नव्हे, तर विद्या गुप्त राहावी म्हणून, असे तो म्हणतो. गुप्त राहिलेली ती विद्या लोपली. उलट ही उघडी विद्या राहनाळच्या एका पडवीत येऊन पोचली. विद्या दिल्याने वाढते, हे आम्ही पाठशाळेत ऐकले होते. ते येथे डोळ्यांनी पाहिले.

दिव्यांशी बोलण्यासाठी भाच्याने वाय-फायऐवजी ‘झिगबी’ हा बिनतारी प्रकार निवडला. मधमाशी पोळ्यात परत आल्यावर नाचून इतर माश्यांना फुलांची दिशा सांगते; त्या नाचावरून हे नाव पडले आहे. यातील विजेवर चालणारे प्रत्येक उपकरण शेजारच्या उपकरणाचा निरोप पुढे पोचविते. त्यामुळे जाड भिंतीचे घर असले तरी निरोप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हातोहात जातो. बटणासारख्या लहान घटावर चालणारी उपकरणे मात्र दुसऱ्याचा निरोप वाहत नाहीत. भाच्यास हे आधी ठाऊक नव्हते. म्हणून न्हाणीघराजवळचे उपकरण वरचेवर हरवे. मधल्या खोलीत भिंतीत बसणारा एक चालू खटका या माळेतला घातला आणि तक्रार मिटली. निरोप घेणारी कांडी संगणकाला अगदी चिकटून होती. ती हातभर तारेने दूर नेली, तेव्हा उरलीसुरली अडखळही गेली.

तरीही पहिल्या महिन्यात एक फजिती झालीच. माणसाच्या अंगची ऊब हलताना टिपून दिवा लावणारे उपकरण त्याने न्हाणीघरात बसविले होते. हालचाल थांबली की एका मिनिटात दिवा बंद. अक्का आत स्वस्थ बसली की दिवा मालवे. “आरतीला ओवाळावे तसे दोन्ही हात हलवीत बसले रे मी,” ती आम्हांला म्हणाली. ऐकताना हसू आले, पण जिचा खुबा एकदा मोडला आहे तिला अंधारात पुन्हा उभे राहावे लागणे ही हसण्याची गोष्ट नव्हे. आता तेथे रडारच्या तत्त्वावर चालणारे उपकरण आहे. श्वासाने छाती हलते तेवढी हालचालही त्याला पुरते. माणूस आत असेपर्यंत दिवा जात नाही.

पडवीतील रात्रीचा दिवा दहा ते पाच या वेळात मंदच लागतो, पूर्ण तेजाने नव्हे. झोपेतल्या डोळ्यांना तिरीप लागली तर पाऊल उलट चुकते. आणि एक नियम भाच्याने पक्का केला आहे: भिंतीवरचे जुने बटण दाबले की दिवा लागलाच पाहिजे, मग संगणक चालू असो वा नसो. पाहुण्याला अथवा म्हाताऱ्या माणसाला ज्या घरात दिवा लावण्यासाठी आधी शिकवणी घ्यावी लागते, ते घर सुधारले असे कसे म्हणावे?

सूर्यास्ताचे गणित

अंगणातील व तुळशीजवळचा विजेचा दिवा केव्हा लागावा, याबाबत भाच्याने आम्हांलाच विचारले. आरंभी त्याने घड्याळातील सात वाजले की लागावा असे ठरविले होते. आम्ही म्हटले, संध्याकाळ घड्याळाने होत नाही, सूर्याने होते. या भागात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासात उलटून जातात. सव्वा तासाहून अधिक अंतर! आणि घड्याळ तरी कोणते? भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. राहनाळ त्र्याहत्तर अंशांच्या आसपास. दर अंशास चार मिनिटे या हिशेबाने तेथील स्थानिक मध्यम वेळ घड्याळाच्या सुमारे अडतीस मिनिटे मागे आहे. पंचांगकर्ते हा संस्कार नित्य करतात.

भाचा हसून म्हणाला, “मामा, हे गणित या प्रणालीत आधीच आहे. घराचे अक्षांश-रेखांश दिले की रोजचा सूर्योदय-सूर्यास्त ती स्वतः काढते.” आम्ही पंचांग उघडून पाच दिवसांचे सूर्यास्त ताडून पाहिले; ते जुळले. त्या दिवसापासून या यंत्राविषयी आमच्या मनात असलेली अढी निम्मी गेली, हे प्रांजळपणे सांगतो.

अक्काचा रुसवा

उरलेली निम्मी अढी देवघरापाशी होती, आणि खरी गोष्ट तेथेच सुरू होते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी भाच्याने आईला आनंद व्हावा म्हणून देवघरात विजेची समई बसविली. सूर्यास्त झाला की ती आपोआप लागे आणि पाठोपाठ ध्वनिक्षेपकातून शुभंकरोती ऐकू येई. अक्काने काठी टेकून खाली वाकावे, काडी ओढावी, हात थरथरून तेल सांडावे, पदराला आच लागण्याचे भय असावे, हे सारे टळले. मुलाचा हेतू सोन्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंनी पाहिले, पितळी समई घासून, पुसून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली. अक्का कोणाला काही बोलली नाही. जेवली, निजली, उठली. पण संध्याकाळी ती देवघराकडे फिरकली नाही. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी भाच्याचा आम्हांला दूरध्वनी आला, “मामा, तुम्हीच येऊन आईला समजवा.”

आम्ही वाईहून निघालो ते भाच्याची कानउघाडणी करण्याच्या तयारीनेच. परंतु त्या रात्री पाणी पिण्यास उठलो, तो पायाखाली मंद उजेड पसरला आणि वाटेतला तो उंबरा स्पष्ट दिसला. ज्या उंबऱ्याने अक्काला पाडले होते तो आम्ही पुष्कळ वेळ पाहत उभे राहिलो. आयत्या उपदेशाचे शब्द तेथेच जिरले.

सकाळी अक्कापाशी बसलो. तिला भोजराजाच्या तेल घालणाऱ्या बाहुलीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “ती राजवाड्यातली रे. त्याला वाती वळायला माणसे कमी नव्हती.” मग थोडे थांबून म्हणाली, “दिवा घराने लावला, स्तोत्र घराने म्हटले. मग देवाने मला कशाला ठेवले आहे?”

या प्रश्नास उत्तर देणे सोपे नव्हते. अपघातापासून एकेक काम तिच्या हातून गेले होते. पाणी भरणे मोटरीने नेले, दळण दुकानाने नेले, भाजी चिरणे सूनबाईंनी आपल्याकडे घेतले. दिवसाकाठी एकच काम तिचे म्हणून उरले होते, आणि प्रेमापोटी आम्ही तेही काढून घेतले होते.

शास्त्र काय सांगते

मीमांसकांनी कर्मांचा विचार करताना दृष्ट प्रयोजन आणि अदृष्ट प्रयोजन असा भेद केला आहे. ज्याचे फळ डोळ्यांना दिसते ते दृष्टार्थ. पडवीत उजेड हवा, टाकीत पाणी हवे, ही दृष्टार्थ कामे. ती कोणी केली याला महत्त्व नाही. झाली म्हणजे झाले. पण काही कर्मे अशी असतात की त्यांत करण्याच्या रीतीलाच अर्थ असतो. यज्ञातील भाताचा तूस नखांनीही निघेल, तरी तो कांडूनच काढावा असा विधी आहे. का? तर केवळ तूस निघणे एवढेच तेथे अभिप्रेत नाही. नियमाने कांडण्याचेही काही फळ आहे.

याच शास्त्रात प्रतिनिधीचा विचार आला आहे. एखादे द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी दुसरे घेता येते. सोमवल्ली न मिळाल्यास पूतीक सांगितला आहे. परंतु यजमानाच्या, म्हणजे ज्याचे कर्म आहे त्याच्या जागी दुसरा बसविता येत नाही, असा जैमिनींच्या सूत्रांतील निर्णय आहे. व्रताच्या बाबतीत धर्मशास्त्राने आजाऱ्यास सवलत दिली आहे; पुत्राने, पत्नीने, भावाने त्याच्यासाठी ते करावे. पण तेथेही माणसाच्या जागी माणूसच येतो.

आमच्या समजुतीप्रमाणे यावरून वाट स्वच्छ दिसते. तुपाऐवजी तेल चालेल. काडीऐवजी लांब दांड्याचा गॅसचा पेटविता चालेल. देवघर खाली असेल तर कमरेइतके उंच करावे, समई खुर्चीवर बसून हाताला येईल अशी ठेवावी. ही सारी साधने आहेत. साधने खुशाल बदलावीत. पण दिवा लावणारा हात बदलू नये. जो लावू इच्छितो आणि लावू शकतो, त्याच्याकडून ते काम काढून घेऊ नये.

भाच्याने हे ऐकून घेतले. त्याच दुपारी विजेची समई उतरली. सुताराकडून देवघर भिंतीवर कमरेच्या उंचीला बसवून घेतले, समईखाली पितळी ताट आले, आणि तेल, वाती, पेटविता यांसाठी शेजारी एक लहान खण. संध्याकाळी अक्का खुर्चीवर बसली. थरथरत्या हाताने तिने वात पुढे सरकविली. तेल थोडे सांडले, ते ताटात पडले. कोणीही ध्वनिक्षेपक लावला नाही. तिने स्वतः म्हटले.

खणाचे दार

येथे हकीकत संपली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

भाच्याची काळजी मिटली नव्हती. आई दिवसभर एकटी. पुन्हा पडली तर कळणार कसे? त्याने आधी घरात चित्रक, म्हणजे कॅमेरा, बसविण्याचे सुचविले होते. अक्काने साफ नकार दिला. “माझ्याच घरात मला कोणी पाहत राहायचे नाही.” आम्हांला तिचे म्हणणे पटले. वृद्धांची काळजी घ्यायची म्हणून त्यांची लाज काढून घेता येत नाही. शिवाय अशी उपकरणे बाहेरच्या चोरांनाही उघडी पडू शकतात. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या आज्ञावलीने जगभरचे लक्षावधी कॅमेरे व तत्सम यंत्रे ताब्यात घेतली, त्याचे मुख्य कारण त्यांचे मूळ संकेतशब्द कोणी बदललेच नव्हते. घराला कुलूप घेतले आणि किल्ली दुकानातली सर्वांना ठाऊक असलेलीच राहू दिली, असा तो प्रकार.

तेव्हा भाच्याला एक युक्ती सुचली. अक्का सूर्यास्तानंतर दिवा लावण्यासाठी तेलवातीचा खण उघडते; हा नेम आजारपणाखेरीज साठ वर्षांत चुकलेला नाही. त्या खणाच्या दाराला त्याने बोटाएवढे उपकरण लावले. चौकटीवर एक लोहचुंबक, दारावर एक लहान कळ; दोन्ही दूर झाली की ‘खण उघडला’ एवढाच निरोप जातो. कोण, कसे, कोणत्या वेषात, यांतले काही ते पाहत नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात खण उघडला नाही तर घरात एक बारीक घंटा वाजते. आणखी दहा मिनिटे उत्तर नाही, तर भाच्याला, सूनबाईंना आणि ज्यांच्याजवळ दुसरी किल्ली असते त्या शेजारणीला संदेश जातो.

ही योजनाही पहिल्याच फटक्यात नीट बसली नाही. एकादशीला अक्का देवळात हरिपाठाला गेली आणि इकडे तिघांचे दूरध्वनी वाजले. मग दाराजवळ एक मोठे बटण आले. बाहेर जाताना ते दाबायचे. पुढे भावकीत एक गृहस्थ वारले. दहा दिवस सुतक, देवघर बंद. आणि रोज संध्याकाळी घंटा! अक्का म्हणाली, “तुझ्या यंत्राला आधी सुतक पाळायला शिकव.” तेव्हा तशीही एक कळ झाली. माघात घरातील वीज चार तास गेली आणि संगणकाची स्मरणपट्टी बिघडली. सारे नियम पुन्हा मांडावे लागले. त्यानंतर संगणकाला व इंटरनेटच्या पेटीला लहान बॅटरीचा आधार दिला, स्मरणपट्टीऐवजी टिकाऊ साठवण घेतली, आणि दर आठवड्यास नियमांची नक्कल दुसरीकडे ठेवली जाऊ लागली. पोथीची दुसरी प्रत करून ठेवावी, ही रीत आमच्या वाडवडिलांना ठाऊक होतीच.

श्रावणातील एका संध्याकाळी सूर्यास्त झाला, अर्धा तास लोटला आणि खण उघडला नाही. घंटा वाजली. उत्तर नाही. भाचा गोदामात, सूनबाई गाडीत. शेजारीण किल्ली घेऊन आली तो अक्का स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली, घामाने डबडबलेली, शब्द नीट उमटत नव्हते. तिला मधुमेह आहे. दुपारी गोळी घेतली होती आणि उपवासामुळे पोटात काही नव्हते. रक्तातील साखर उतरली होती. शेजारीण जाणती होती. अक्काला गिळता येते आहे हे पाहून तिने साखरपाणी थोडेथोडे पाजले आणि डॉक्टरांना बोलाविले. सूनबाई पोचल्या तेव्हा अक्का बोलू लागली होती. ती प्रथम काय म्हणाली असेल? “दिवा राहिला ग.” शेजारणीनेच तिला धरून देवघरापर्यंत नेले.

डॉक्टर म्हणाले, आणखी तास-दीड तास गेला असता तर प्रसंग कठीण होता.

जी विजेची समई आम्ही उतरविली, ती तशीच राहिली असती तर त्या संध्याकाळी ती वेळेवर लागली असती, स्तोत्रही वाजले असते. घर बाहेरून उजळलेले दिसले असते, आणि आत अक्का भिंतीशी बसलेली कोणास कळले नसते. दिवा तिच्या हातचा राहिला म्हणूनच तो न लागल्याचा अर्थ कळला. हा विचार आमच्या मनातून अद्याप जात नाही.

लाकडी नगरी

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त एक कथा आहे. राजपुत्र नरवाहनदत्त समुद्रकाठच्या एका नगरात येतो. रस्त्यांवर माणसे चालत आहेत, बाजार गजबजला आहे. पण कोणी बोलत नाही. जवळ जाऊन पाहतो तो सारी माणसे लाकडाची, यंत्राने हलणारी. त्या साऱ्या नगरात जिवंत माणूस एकच, राज्यधर नावाचा सुतार. निर्जन नगरात एकटा पडलेल्या त्या कारागिराने सोबतीसाठी ही यंत्रे घडविली होती. सेवेला काही कमी नव्हते. बोलायला मात्र कोणी नव्हते. ही कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या राजदरबारी सांगितली गेली, म्हणजे भोजराजाचाच तो काळ. यंत्रांचे कौतुक आणि यंत्रांच्या गर्दीतले एकटेपण ही दोन्ही त्या काळच्या बुद्धिमंतांना एकाच वेळी दिसली होती.

राहनाळच्या घराने राज्यधराची नगरी होण्याचे टाळले, ते एका किल्लीमुळे. यंत्राने केवळ हाक मारली; धावली ती शेजारीण. ज्या घरांत मुले दूरदेशी आणि आईवडील येथे, अशी अनेक घरे आमच्या वाचकांत असतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे की यंत्रे जरूर बसवा. जाणत्या वायरमनकडून बसवा. मोटर व गीझर यांसारख्या जड उपकरणांना त्यांच्या भाराचाच खटका घ्या. अर्थिंग व गळती-रोधक खटका तपासून घ्या. मूळ संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदला. पण यंत्र बसविण्यापूर्वी दोन गोष्टी करा. घरातील वडील माणसांना विचारा, कोणते काम तुमचे म्हणून राहू द्यावे. आणि दुसरी किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे द्यायची ते ठरवा.

यंदा वसुबारसेला आम्ही राहनाळलाच आहोत. अंगणातील विजेचा दिवा सूर्याचे गणित मांडून आपल्या वेळी लागेल, पडवी रात्री आपोआप उजळेल. देवघरात मात्र काही क्षण अंधार राहील. मग काठीचा आवाज येईल, खणाचे दार उघडेल, आणि अक्का वात पुढे सरकवील. तेवढा वेळ आम्ही सारे हात जोडून थांबू.

वाचकांस ही दीपावली सुखाची जावो.